भोवऱ्यांची उतरंड

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा तास घेताना आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर एकच आकृती काढत आलो आहोत. मध्ये एक जाड आडवी रेघ. तिचे नाव ‘मुख्य प्रवाह’. तिच्या वर-खाली बारीक समांतर रेघा : ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, आदिवासी. रेघांवर सनावळी, सनावळीखाली लेखकांची नावे. परीक्षेच्या दृष्टीने ही आकृती फार सोयीची आहे. काही वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावातून येणाऱ्या मुलाने मागच्या बाकावरून अगदी सहज म्हटले, “सर, पाणी असं वाहत नाही.” वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण ते वाक्य मनात राहिले. ‘प्रवाह’ हा शब्द समीक्षेने पाण्याकडूनच उसना घेतला आहे. उसनी घेतलेली वस्तू मूळ मालकाकडे कशी असते, हे एकदा जाऊन पाहणे आवश्यक होते.

कराडच्या माणसाला त्यासाठी लांब जावे लागत नाही. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावतात, वेगवेगळ्या खोऱ्यांतून खाली येतात. कोयना हेळवाकपर्यंत दक्षिणेला जाते, तेथे पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून कराडला येते. प्रीतिसंगमावर या दोन नद्या समोरासमोर येतात आणि एकत्र होऊन काटकोनात पूर्वेकडे वळतात. पावसाळ्यात यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ काठावर उभे राहिले की दिसते ते असे : दोन पाण्यांच्या शिवेवर मोठाले, संथ भोवरे उठतात. त्यांच्या कडेला हातभर रुंदीचे भोवरे फिरत असतात, त्यांच्या कडेला वितीएवढे, आणि त्यांच्याही कडेला पाण्याची नुसती शिरशिरी. कोणताही भोवरा फार काळ टिकत नाही. तो फुटतो, आणि फुटताना आपले फिरणे लहानांच्या स्वाधीन करून जातो. समांतर रेघ मात्र कोठेही दिसत नाही.

या दृश्याचा एक इतिहास आहे. तो विज्ञानाचा असला, तरी त्यात कविता, युद्ध आणि शब्दांची घडण यांचा इतका भाग आहे, की साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो परका मानू नये.

सोळाव्या शतकाच्या आरंभी लिओनार्दो दा विंचीने पडत्या पाण्याची रेखाचित्रे काढली. मोठ्या वळशांत लहान वळसे त्याने इतक्या बारकाईने दाखवले, की आजही या विषयावरच्या पुस्तकांत ती चित्रे छापली जातात. पाण्याच्या पृष्ठभागाची गती त्याला केसांच्या बटांसारखी वाटली होती. निरीक्षण अचूक होते, पण कारण सांगणारे गणित त्या काळी नव्हते. 1883 साली मँचेस्टरमध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्सने काचेच्या नळीतून पाणी सोडले आणि त्यात रंगाची एक बारीक धार मिसळली. वेग कमी असता ती धार सुतासारखी सरळ राही. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती अचानक विस्कटून साऱ्या नळीत पसरे. आमच्या फळ्यावरची रेघ म्हणजे रेनॉल्ड्सच्या नळीतील मंद पाणी. ते खोटे नाही, परंतु नद्यांत ते जवळजवळ कधीच आढळत नाही. या दुसऱ्या, विस्कटलेल्या अवस्थेला येथे आम्ही ‘संक्षोभ’ म्हणू. मराठी विश्वकोशाने द्रव आणि वायू या दोहोंसाठी मिळून ‘द्रायू’ असा शब्द वापरला आहे. तो विश्वकोश कृष्णाकाठी वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाला आणि त्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, हेही कराडकरांनी ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रश्न. महाबळेश्वरहून कराडपर्यंत येताना कृष्णेचे पाणी साडेसातशे मीटरांहून अधिक खाली उतरते. उंचावरच्या पाण्यात जी ऊर्जा साठलेली असते, ती उतरताना वेगाच्या रूपाने प्रकट व्हायला हवी. वाटेत काहीच खर्च झाले नसते, तर कराडला पाणी ताशी चारशे किलोमीटरांहून अधिक वेगाने पोचले असते. प्रत्यक्षात ते माणसाच्या चालीने येते. मग ती ऊर्जा गेली कोठे?

याचे उत्तर एका अर्थी जुने आहे. पडणारे पाणी तापते, हे जेम्स जूलने 1840च्या दशकात सांगितले होते. नायगाराच्या पायथ्याचे पाणी माथ्यापेक्षा फॅरनहाइटच्या एक पंचमांश अंशाने उष्ण असावे, असा त्याचा हिशेब होता. तोच हिशेब कृष्णेला लावला आणि सगळी उष्णता पाण्यातच राहिली असे धरले, तर कराडपर्यंत पाणी सुमारे पावणेदोन अंश सेल्सिअसने तापेल. एवढ्याशा उबेला हात लावून कोणी ओळखणारही नाही. पण ही ऊर्जा लहान नाही. कोयनेचे पाणी धरणात अडवून पश्चिमेला पोफळीकडे चारशे मीटरांहून अधिक खाली सोडले, तेव्हा तिच्यावर महाराष्ट्राचे दिवे लागले. जे दिवे पेटवते तेच मोकळ्या नदीत एखाद्या अंशाची ऊब होऊन विरते.

तथापि हे उत्तर अपुरे आहे, कारण पाण्यातील घर्षण फार दुबळे असते. पाण्याचा चिकटपणा, ज्याला शास्त्रात श्यानता म्हणतात, मधाच्या मानाने नगण्य आहे. दहा मीटर रुंदीच्या भोवऱ्यावर त्याचा काहीच परिणाम होत नाही. तो भोवरा केवळ चिकटपणाच्या भरवशावर राहिला असता, तर वर्षानुवर्षे फिरतच राहिला असता. घर्षणाला पकड मिळते ती शेजारशेजारच्या पाण्याचे वेग फार थोड्या अंतरात बदलतात तेव्हा, म्हणजे मिलिमीटरहूनही लहान मापावर. ऊर्जा मिळते मीटरांच्या मापावर, संपते मिलिमीटरच्या अंशावर. मधले अंतर ती कसे ओलांडते?

हे प्रथम स्पष्टपणे ओळखले लुईस फ्राय रिचर्डसनने. हा इंग्रज गृहस्थ क्वेकर पंथाचा, युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र धरले नाही. फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम केले आणि फावल्या वेळात हवामानाचे गणित केले. 1917च्या एका लढाईत त्याचे हस्तलिखित हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. 1922 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यात 20 मे 1910 या दिवसाचे सहा तासांचे भाकीत होते, आणि ते साफ चुकले होते. पण त्याच ग्रंथात त्याने चार ओळींचे एक विनोदी पद्य घातले : मोठ्या भोवऱ्यांवर लहान भोवरे पोसले जातात, लहानांवर त्याहून लहान, आणि अखेर श्यानता उरते, असा त्याचा आशय.

साहित्याच्या अभ्यासकाचे कान येथे टवकारले पाहिजेत. ते पद्य विडंबन होते, आणि त्याचे मूळ जोनाथन स्विफ्टच्या 1733च्या, कवितेविषयीच्या एका उपरोधिक दीर्घ काव्यात आहे. स्विफ्टने पिसवा आणि पिसवांवरच्या पिसवा यांचा दाखला दिला तो कवींना उद्देशून : प्रत्येक कवीला त्याच्या मागून येणारा कवी चावतो! एकोणिसाव्या शतकात गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गनने त्या ओळी पुन्हा घडवल्या. म्हणजे भौतिकशास्त्रातील एका मूलभूत कल्पनेचा पूर्वज हा साहित्यिकांच्या भांडणाविषयीचा विनोद आहे. समीक्षेने विज्ञानाकडून प्रतिमा घ्याव्यात की नाहीत, हा वाद आपल्याकडे अधूनमधून होतो. येथे उसनवारी आधी विज्ञानानेच केली होती.

रिचर्डसनचा मुद्दा असा, की मोठा भोवरा आपली ऊर्जा एकदम सर्वांत लहानाला देत नाही. तो ती आपल्याहून किंचित लहान असलेल्याला देतो, तो पुढच्याला. इंग्रजीत यासाठी धबधब्याच्या पायऱ्यांची प्रतिमा रूढ झाली. आम्हांला मराठीत ‘उतरंड’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. घराच्या कोपऱ्यात एकावर एक रचलेली मडकी : तळाशी मोठे, त्यावर त्याहून लहान, टोकाला बोळके. प्रत्येक मडके टेकलेले असते ते फक्त आपल्या लगतच्यावर. भोवऱ्यांच्या उतरंडीत देवघेव चालते ती अशीच, शेजाऱ्याशेजाऱ्यांत.

1926 साली रिचर्डसनने आणखी एक गोष्ट दाखवली. हवेतील दोन कण जितके एकमेकांपासून दूर, तितके ते अधिक झपाट्याने दूर जातात. कारण अंतर वाढले की अधिक मोठे भोवरे त्यांना ओढू लागतात. 1948 साली त्याने आणि हेन्री स्टॉमेलने स्कॉटलंडमधील एका खाडीत पार्सनिप नावाच्या, पांढऱ्या गाजरासारख्या कंदाचे तुकडे तरंगत सोडून हेच मोजले. ते तुकडे पाण्यात जवळजवळ बुडून राहतात, त्यामुळे वारा त्यांना ढकलत नाही, आणि तरीही डोळ्यांना दिसतात. कराडच्या घाटावर निर्माल्यातली झेंडूची दोन फुले एकत्र सोडून पाहावीत. आधी ती बराच वेळ जोडीने फिरतात. एकदा हातभर अंतर पडले की मग पाहता पाहता एकमेकांना पारखी होतात.

याच सुमारास जर्मनीत ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्‌ल संक्षोभाचा अभ्यास करीत होता. त्याच्या शिष्यांत आपल्या मुलखातील एक नाव आहे : विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात 1908 साली जन्मलेल्या घाटग्यांनी 1936 साली ग्योटिंगेनची डॉक्टरेट मिळवली, आणि पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये एचटी-2 या प्रशिक्षण विमानाची रचना केली. ते 1951 साली उडाले. कृष्णा-पंचगंगेच्या मुलखातून निघालेला हा माणूस आमच्या वाङ्मयेतिहासात येत नाही, हे ठीकच. पण आमच्या सांस्कृतिक इतिहासातही तो फारसा येत नाही, हे मात्र ठीक नाही.

उतरंडीला गणित मिळाले ते मॉस्कोत. 1941 साली, म्हणजे ज्या वर्षी जर्मन सैन्य रशियात घुसले त्याच वर्षी, आंद्रेइ कोल्मोगोरोव्हने काही पानांची टिपणे प्रसिद्ध केली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : उतरंडीच्या मधल्या पायऱ्यांवर ऊर्जा निर्माणही होत नाही, नष्टही होत नाही, ती केवळ पुढे दिली जाते. म्हणून प्रत्येक पायरीवरून दर सेकंदाला जाणारी ऊर्जा सारखीच असते. तसेच इतक्या पायऱ्या उतरल्यावर लहान भोवऱ्यांना आपले मूळ आठवत नाही. ते पुलाच्या खांबामुळे जन्मले, की दोन नद्यांच्या टकरीतून, की वाऱ्याच्या झोताने, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नाही. ठाऊक असते ते एवढेच, की वरून किती ऊर्जा येत आहे. या दोन गृहीतकांवरून कोणत्या मापाच्या भोवऱ्यांत ऊर्जेचा किती वाटा असेल, याचा नियम निघतो. त्यातला वजा पाच-तृतीयांश हा घातांक आज या विषयाची ओळखखूण बनला आहे. त्या रूपात तो प्रथम मांडला कोल्मोगोरोव्हचा शिष्य ओबुखोव्ह याने, त्याच वर्षी. हाच कोल्मोगोरोव्ह 1960च्या दशकात मायकोव्हस्कीच्या कवितेतील लयीचे संख्याशास्त्र मांडत होता. लय आणि संक्षोभ या दोन्हींत त्याला विस्कळीतपणाच्या आतली शिस्त शोधायची होती, असे म्हटले तर ते फार धाडसाचे ठरू नये.

1962 साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या एका जोरकस सामुद्रधुनीत, ग्रँट, स्ट्युअर्ट आणि मॉयलिएट यांची मोजमापे प्रसिद्ध झाली. नियम तेथे फार मोठ्या पट्ट्यात खरा ठरला. नळी नव्हे, प्रयोगशाळा नव्हे, उधाणलेले पाणी! पण लेव लांदाऊने बरेच आधी एक आक्षेप घेतला होता. वरून येणारी ऊर्जा सर्वत्र आणि सर्व काळ सारखी नसते. मोठ्या मापावरचे चढउतार लहानांवर आपली खूण ठेवून जाणारच. कोल्मोगोरोव्हने हे मान्य केले आणि 1962 साली आपल्या सिद्धान्तात दुरुस्ती केली. म्हणजे विस्मरण कधीच पूर्ण नसते. लहान भोवरे मूळ विसरतात, पण थोडेसे आठवणीत ठेवून विसरतात. हा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही.

या इतिहासात आम्हांला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. ऊर्जा उष्णतेत बदलते ती तळाशी, श्यानतेमुळे. तेव्हा श्यानता कमी केली तर ऱ्हास कमी होईल, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. श्यानता कमी केली, की उतरंडीला आणखी काही पायऱ्या जोडल्या जातात, शेवटचा भोवरा आणखी लहान होतो, आणि ऱ्हास जवळजवळ तेवढाच राहतो. किती झिजायचे हे वरचा ठरवतो. तळाचा ठरवतो ते फक्त कोणत्या मापावर झिजायचे एवढेच.

मराठी वाचकाला ‘उतरंड’ शब्द ऐकताच जे आठवते, ते आता टाळता येणार नाही. जातीची उतरंड हा शब्दप्रयोग आपल्या सामाजिक भाषेत पक्का रुजला आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी विषमतेचे विश्लेषण केले ते श्रेणीबद्ध विषमता म्हणून : वरचा एक आणि खालचे सारे अशी दुफळी नव्हे, तर प्रत्येकाच्या वर कोणी आणि प्रत्येकाच्या खाली कोणी. भार लगतच्याकडून लगतच्याकडे जातो, आणि तळाच्या माणसाला दिसतो तो फक्त त्याच्या डोक्यावरचा. पण साम्य येथेच थांबते. ‘मूकनायक’च्या 1920 सालच्या पहिल्या अंकातील अग्रलेखात आंबेडकरांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती, ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. भोवऱ्यांच्या उतरंडीत कोणी कोणत्या मजल्याला बांधलेला नसतो. प्रत्येक भोवरा फुटतो आणि पुढचा होतो. आणि पाण्याला दोष देता येत नाही, समाजाला देता येतो. निसर्गाच्या नियमाने समाजाची रचना समर्थनीय ठरवण्याचा मोह जुना आहे. आम्ही तो करीत नाही. आम्हांला पाण्याकडून शिकायचे आहे ते फक्त एवढेच, की मोठ्या आणि लहान यांच्यामधल्या पायऱ्या वगळून कोणताही इतिहास सांगता येत नाही.

या कसोटीला आमची फळ्यावरची आकृती उतरते का, हे पाहायला अण्णा भाऊ साठे पुरेत. त्यांचा जन्म 1920चा, वाळवा तालुक्यातील वाटेगावचा. कराडहून ते गाव जवळच आहे. आम्ही त्यांना कोणत्या रेघेवर लिहावे? गावकुसाबाहेरचे जीवन लिहिले म्हणून ग्रामीण? 1958 साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन केले म्हणून दलित? लाल बावटा कलापथकाचे शाहीर म्हणून मार्क्सवादी? तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले म्हणून लोकसाहित्य? आजवर आम्ही त्यांना चार ठिकाणी अर्ध्या-अर्ध्या वाक्यात उरकत आलो. दोष त्यांचा नाही, रेघांचा आहे.

1959ची ‘फकिरा’ उतरंड म्हणून वाचून पाहावी. सर्वांत वर साम्राज्य आणि त्याचा कायदा. पण तो मांगवाड्यात साम्राज्याच्या रूपाने येत नाही. तो येतो हजेरी होऊन, दुष्काळात रिकामी राहिलेली चूल होऊन, गावच्या अधिकाऱ्याचा शब्द होऊन. प्रत्येक पायरीवर त्याचे माप लहान होते, आणि शेवटी तो एका घरातल्या एका भाकरीचा प्रश्न बनतो. लंडनमध्ये काय ठरले, हे त्या चुलीला ठाऊक नसते. पण वरून किती दाब येतो आहे, हे तिला नेमके ठाऊक असते.

आणि उलट दिशा? तीही आहे. 1967 साली रॉबर्ट क्रेचननने दाखवले, की पातळ थरात, जेथे पाण्याला किंवा हवेला जणू दोनच मिती उरतात, तेथे ऊर्जा उलटी चढते : लहान भोवरे एकमेकांत मिसळून मोठे होत जातात. अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड आठवावी. तिची सुरुवात मुंबईत पोटासाठी आलेल्या एका माणसाच्या, गावी राहिलेल्या एका बाईसाठीच्या विरहाने होते. आणि पाहता पाहता तो विरह बेळगाव-कारवार-निपाणीपासून तुटलेल्या महाराष्ट्राचा होतो. एका खोलीतले दुःख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या मापाला चढले. साठच्या दशकातील अनियतकालिकांबद्दलही असा विचार करता येईल. मोजक्या प्रतींच्या त्या अंकांतून पुढे मराठी कवितेची भाषा बदलली. हे सर्व ‘मुख्य प्रवाहात सामील झाले’ असे म्हणणे म्हणजे घडले काय, तेच न सांगणे होय.

प्रतिमेलाही मर्यादा असते. साहित्याला वजा पाच-तृतीयांशाचा नियम लावता येणार नाही, आणि कोणी लावू नये. मात्र वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत ‘अमुक लेखक कोणत्या प्रवाहातील’ असे विचारण्याऐवजी, ‘काळाचा दाब या लेखकापर्यंत कोणकोणत्या पायऱ्यांनी पोचला, आणि त्याच्याकडून तो पुढे कोणाकडे गेला’ असे विचारता येईल. उत्तरे तपासायला अवघड जातील. तेवढा त्रास शिक्षकांनी सोसायला हरकत नाही.

महाबळेश्वरला 2012 सालापासून पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेची ढगांच्या अभ्यासाची एक प्रयोगशाळा आहे. ढगातील जलबिंदू एकमेकांवर आदळून थेंब व्हायला तेथील संक्षोभही हातभार लावतो. म्हणजे कृष्णा-कोयनेच्या माथ्यावर पाऊस पडतो तोही काही अंशी भोवऱ्यांच्या कृपेने, आणि तेच पाणी खाली येऊन संगमावर पुन्हा भोवऱ्यांत विरते.

या वर्षी वाङ्मयेतिहासाचा पहिला तास आम्ही वर्गात घेतला नाही. मुलांना प्रीतिसंगमावर नेले आणि म्हटले, बघा. फळ्यावरची आकृती अजून पुसलेली नाही. परीक्षेला ती लागते. पण रेघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आता आम्ही काही वळसे काढतो.